लॉगमध्ये फरक शून्य, तरी डेटाची वेळ चुकते: जीपीएस घड्याळ आणि रिअल-टाइम लिनक्स संगणक यांचे समक्रमण कसे तपासावे

तुमच्या प्रश्नात खरे तर तीन स्वतंत्र तक्रारी आहेत. त्या एकत्र मांडल्यामुळे त्यांतून "घड्याळ बदलावे का" असा एकच प्रश्न तयार झाला आहे. मला समजलेली मांडणी अशी. गच्चीवर जीपीएस अँटेना आहे आणि खाली रॅकमध्ये टायमिंग घड्याळ आहे. हे घड्याळ नेटवर्कवर पीटीपी, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीतून अचूक वेळ पोचवण्याची पद्धत, देते, शिवाय सेकंदाला एक पल्स म्हणजे पीपीएस आणि आयरिग-बी हा तारीख-वेळेचा सांकेतिक संकेत अशी दोन आउटपुटे देते. मध्ये एक इथरनेट स्विच आहे. शेवटी प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम करण्यासाठी बदललेल्या लिनक्स कर्नलचा औद्योगिक संगणक आहे, जो व्होल्टेज आणि करंटचे सेकंदाला ४,००० नमुने घेऊन त्यांवर वेळ नोंदवतो. पूर्ण रॅकची वीज जाऊन आली की डेटाची वेळ कधी कधी नेमकी ३७ सेकंद पुढे असते, ही पहिली तक्रार. पीटीपीचा लॉग १०० नॅनोसेकंदांच्या आत फरक दाखवत असतानाही संदर्भ उपकरणाशी तुलना केल्यावर फेझरच्या (व्होल्टेज किंवा करंटच्या लहरीची उंची आणि कोन सांगणाऱ्या राशीच्या) कोनात कायम दीड अंशाचा फरक राहतो, ही दुसरी. आणि दिवसातून काही वेळा वेळेत काहीशे मायक्रोसेकंदांची उडी दिसते व त्याच सुमारास कंट्रोल लूपची, म्हणजे ठराविक अंतराने चालणाऱ्या नियंत्रण-कोडची, मुदत चुकते, ही तिसरी.

थोडक्यात मत सांगायचे तर घड्याळ बदलू नका, निदान आज तरी नाही. तुमच्या वर्णनातले काहीही घड्याळाच्या हार्डवेअरमधील बिघाडाकडे स्पष्टपणे बोट दाखवत नाही. या तिन्ही तक्रारींची कारणे बहुधा तीन वेगळ्या जागी आहेत, म्हणून एका उपायाने तिन्ही जातील अशी अपेक्षाही ठेवू नका.

कुठवर खोलात जायचे हे तुम्हाला किती अचूकता हवी आहे यावर अवलंबून आहे. केवळ घटनांची क्रमवार नोंद हवी असेल तर एक मिलीसेकंद पुरेसा असतो आणि दुसरी तक्रार तुम्ही सोडूनही देऊ शकता. फेझर मोजायचे असतील तर मात्र ५० हर्ट्झला एक मिलीसेकंद म्हणजे पूर्ण १८ अंश होतात. सिंक्रोफेझरच्या (अचूक वेळेशी जोडलेल्या फेझरच्या) मानकातली एक टक्क्याची एकूण सदिश त्रुटी, म्हणजे उंची आणि कोन यांतली मिळून चालणारी चूक, केवळ वेळेच्या चुकीनेच भरून काढायची म्हटली, तर ती सुमारे ३२ मायक्रोसेकंदांतच संपते. तुमचा दीड अंश म्हणजे सुमारे ८३ मायक्रोसेकंद. म्हणजे मर्यादेच्या अडीच पटीहून अधिक, त्यामुळे तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सबस्टेशनच्या प्रोसेस बसवर, म्हणजे मोजमापे वाहणाऱ्या तिथल्या नेटवर्कवर, नमुने पाठवायचे असतील तर अपेक्षा एक मायक्रोसेकंदाची असते आणि मग स्विचसकट सगळीच निवड बदलते.

आता मूळ मुद्दा. "घड्याळ आणि संगणक" अशी दोनच टोके धरून शोध घेतला तर दोष हाती लागत नाही, कारण तुमच्या रॅकमध्ये दोन घड्याळे नसून किमान चार आहेत. जीपीएसने लगाम घातलेला ऑसिलेटर हे पहिले. नेटवर्क कार्डावरचे स्वतंत्र हार्डवेअर घड्याळ, ज्याला लिनक्सच्या जगात पीएचसी म्हणतात, ते दुसरे. कर्नल प्रोसेसरच्या काउंटरवरून चालवतो ते सिस्टिम घड्याळ तिसरे. नमुने घेणाऱ्या कार्डावरचा सॅम्पलिंग क्रिस्टल चौथा. या चौघांमध्ये तीन दुवे आहेत. पहिला दुवा पीटीपी४एल हा प्रोग्रॅम सांभाळतो, दुसरा पीएचसी२सिस सांभाळतो आणि तिसरा, म्हणजे सिस्टिम घड्याळापासून नमुन्यापर्यंतचा, तुमचा स्वतःचा कोड सांभाळतो. १०० नॅनोसेकंदांचा जो आकडा तुम्ही दिला आहे तो फक्त पहिल्या दुव्याचा आहे. दुसऱ्या दुव्याचा वेगळा लॉग असतो आणि तो तुम्ही जोडलेला नाही. तिसऱ्या दुव्याचा लॉग बहुतेक ठिकाणी कोणीच लिहीत नाही.

शिवाय पहिल्या दुव्याचा आकडासुद्धा म्हणजे प्रत्यक्ष चूक नव्हे. सर्वो, म्हणजे फरक पाहून घड्याळ सतत दुरुस्त करणारा प्रोग्रॅममधला भाग, ज्या मोजमापावरून घड्याळ ओढतो, त्याच मोजमापातली उरलेली बाकी तो छापतो. दुकानदाराने आपल्याच तराजूवर आपलेच वजनमाप तपासून "बरोबर आहे" म्हणावे, तसे हे आहे. पीटीपी जाण्याचा आणि येण्याचा वेळ समान आहे असे गृहीत धरतो. तो समान नसेल तर त्या तफावतीचा निम्मा भाग घड्याळात कायमची चूक म्हणून जाऊन बसतो आणि लॉगमध्ये मात्र शून्यच दिसत राहते. म्हणून लॉगवरून सर्वो स्थिर आहे एवढेच कळते. वेळ बरोबर आहे की नाही, हे बाहेरच्या मोजमापाशिवाय कळत नाही.

पहिल्या तक्रारीकडे वळतो. समक्रमणात चूक सापडली की मी आधी तिचा आकडा पाहतो, कारण काही आकडे स्वतःच आपले कारण सांगतात. आंतरराष्ट्रीय अणुवेळ टीएआय ही यूटीसीच्या, म्हणजे नागरी वेळेचा आधार असलेल्या जागतिक वेळेच्या, ३७ सेकंद पुढे आहे आणि हा फरक १ जानेवारी २०१७ पासून तसाच आहे. जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आणि टीएआयच्या कायम १९ सेकंद मागे असते. त्यामुळे ३७, १८ किंवा १९ यांपैकी नेमका आकडा दिसला तर घड्याळ बिघडलेले नसते, कोणीतरी एक कालमान दुसरे समजून वाचलेले असते. साडेपाच तासांचा फरक दिसला तर आयरिग-बीवर भारतीय प्रमाणवेळ जात आहे आणि वाचणारा ती यूटीसी समजतो आहे. अकरा तास दिसले तर प्रमाणवेळेची दुरुस्ती उलट चिन्हाने लागली आहे. जुन्या आयईईई १३४४ आणि नंतरच्या सी३७.११८ या विस्तारांत या चिन्हाचा संकेत उलटा असल्यामुळे एक उपकरण जुने आणि दुसरे नवे असेल तिथे हे घडते. पीपीएस थेट संगणकात घेतला असताना पल्सच्या रुंदीएवढा फरक आला, आणि ही रुंदी अनेक रिसीव्हरमध्ये १०० मिलीसेकंद असते, तर चढत्या कडेऐवजी उतरती कड वाचली जात आहे. टीटीएलवरून आरएस-२३२ करणारी चिप संकेत उलटवते, तिथे हा गोंधळ हमखास होतो. आणि तारीख १,०२४ आठवडे मागे गेली असेल तर रिसीव्हरचे फर्मवेअर जीपीएसच्या आठवडा-गणतीच्या फेऱ्यात अडकले आहे. असा फेरा १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये येऊन गेला.

तुमचे ३७ सेकंद पुढच्या दिशेने आहेत, म्हणजे सिस्टिम घड्याळात टीएआय तशीच उतरली आहे. पीटीपी मुळात टीएआय वाहतो आणि यूटीसीशी असलेला फरक वेगळा, घोषणा-संदेशात पाठवतो. हा फरक विश्वासार्ह आहे की नाही हे सांगणारा एक ध्वजही त्याच संदेशात असतो. आता वीज गेल्यानंतरची वेळ डोळ्यांसमोर आणा. जीपीएस उपग्रहांच्या पूर्ण संदेशाचे एक आवर्तन साडेबारा मिनिटांचे असते आणि यूटीसीचा फरक त्यातल्या एकाच पानावर येतो. घड्याळाकडे हा फरक जपून ठेवलेला नसेल तर सुरू झाल्यावर उपग्रह दिसू लागतात, पल्स सुरू होते, सेकंदाची कड अगदी बरोबर पडते, पण यूटीसीचा फरक कळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर घड्याळ ध्वज खाली ठेवते किंवा फर्मवेअरमधला जुना आकडा पाठवते. तुमचा संगणक मात्र दोन मिनिटांत सुरू होऊन त्या अपुऱ्या माहितीवर सिस्टिम घड्याळ लावून मोकळा होतो. "थोड्या वेळाने सेवा पुन्हा सुरू केल्या की कधी जाते, कधी जात नाही" असे तुम्ही लिहिले आहे, ते या कारणाशी तंतोतंत जुळते.

याची खातरजमा सोपी आहे. वीज मुद्दाम बंद-चालू करा आणि पीएमसी या साधनाने ग्रँडमास्टरचे, म्हणजे नेटवर्कला वेळ देणाऱ्या मुख्य घड्याळाचे, वेळगुण दर मिनिटाला वाचून नोंदवा. त्यात यूटीसीचा फरक आणि त्याची वैधता स्पष्ट दिसते. वैधता उशिरा येत असेल तर ती येईपर्यंत पीएचसी२सिस सुरूच होऊ नये अशी अट सेवेच्या व्यवस्थेत घाला. त्याला ३७ चा फरक हाताने लिहून देण्याचा पर्यायही आहे आणि बंद प्रयोगशाळेत तो चालतो. पण मला तो आवडत नाही, कारण तीन वर्षांनी ती ओळ का लिहिली होती हे कोणालाच आठवत नाही. २०३५ पर्यंत लीप सेकंदांची (यूटीसीत मधूनच घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदांची) सध्याची पद्धत बदलण्याचा ठराव २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने केला आहे खरा, तरी तोवर हा आकडा बदलणारच नाही असे कोणी लिहून दिलेले नाही.

दुसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे लोक सर्वाधिक पैसा चुकीच्या जागी घालतात. दीड अंश म्हणजे ८३ मायक्रोसेकंद, आणि तो फरक कायम आहे. कायम असण्यातच अर्धे उत्तर आहे. सॅम्पलिंग क्रिस्टल मोकाट चालत असता तर फरक एका जागी थांबला नसता: २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भाग चुकणारा) क्रिस्टल सेकंदाला २० मायक्रोसेकंद सरकतो, म्हणजे कोन तासाभरात अनेक वेळा पूर्ण फिरून आला असता. दोन नमुन्यांतले अंतर २५० मायक्रोसेकंद असते, म्हणजे साडेचार अंश. त्यामुळे कोडमध्ये एका नमुन्याची मोजणी चुकली असेल ही शक्यताही जुळत नाही, कारण ८३ हा २५० चा पूर्ण पटीतला आकडा नाही.

स्विचमुळे झालेली तफावत हे कारण असू शकते का? तुमचा स्विच पीटीपी जाणणारा नाही, असे मी गृहीत धरतो. अशा स्विचमध्ये एका बाजूचा दुवा १०० मेगाबिटचा आणि दुसऱ्या बाजूचा एक गिगाबिटचा असेल तर तफावत नक्की येते. टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेची नोंद, फ्रेमच्या (नेटवर्कवरच्या एका संदेश-पाकिटाच्या) सुरुवातीला घेतला जातो, पण स्विच पूर्ण फ्रेम आत आल्यावरच ती पुढे पाठवतो. सुमारे ९० बाइटांची पीटीपी फ्रेम मंद बाजूने आत यायला सात मायक्रोसेकंद घेते आणि जलद बाजूने यायला एक मायक्रोसेकंदही घेत नाही. म्हणजे दोन दिशांत सुमारे साडेसहा मायक्रोसेकंदांचा फरक आणि घड्याळात त्याच्या निम्मी, सव्वातीन मायक्रोसेकंदांची कायमची चूक. ही चूक खरी असते आणि लॉगमध्ये दिसत नाही, पण ८३ पासून ती फार दूर आहे. ८३ ची चूक व्हायला दोन दिशांत १६६ मायक्रोसेकंदांची तफावत लागेल. एवढा वेळ फक्त रांगेत थांबल्याने जातो. १०० मेगाबिटच्या दुव्यावर एका मोठ्या फ्रेममागे थांबले की १२० मायक्रोसेकंद जातात. पण रांग दर क्षणी बदलते. तसे असते तर लॉगमधला मार्ग-विलंब नाचताना दिसला असता आणि तुमचा कोन स्थिर राहिला नसता.

मग उरते ती अॅनालॉग बाजू. नमुने घेणाऱ्या कार्डाच्या आधी अँटी-अलायझिंग फिल्टर, म्हणजे नमुन्यांत गोंधळ करणाऱ्या उच्च वारंवारता अडवणारा फिल्टर, असतोच. सेकंदाला ४,००० नमुन्यांसाठी कट-ऑफ (जिच्या पुढे फिल्टर अडवू लागतो ती वारंवारता) २ किलोहर्ट्झच्या आत ठेवावी लागते. साध्या एका टप्प्याच्या आरसी फिल्टरची कट-ऑफ सुमारे १.९ किलोहर्ट्झ असेल तर तो ५० हर्ट्झच्या संकेताला किती मागे टाकतो याचे गणित करून पाहा: उत्तर दीड अंशाच्या अगदी जवळ येते. तुमचा फिल्टर असाच आहे असा माझा दावा नाही. सिग्मा-डेल्टा पद्धतीचे रूपांतरक (अॅनालॉग संकेताचे आकडे करणारी चिप) असेल तर त्याच्या डिजिटल फिल्टरचा विलंब याहून कितीतरी जास्त असू शकतो आणि तो डेटाशीटमध्ये नमुन्यांच्या संख्येत दिलेला असतो. पण या आकड्याचा आकार घड्याळाच्या चुकीपेक्षा फिल्टरच्या विलंबाशी जास्त जुळतो, हे मी ठामपणे म्हणेन. एक झटपट कसोटीही आहे: तुम्ही दिशा लिहिलेली नाही, पण फिल्टर कारण असेल तर तुमचा कोन संदर्भाच्या मागे पडलेला असला पाहिजे. तो पुढे असेल तर फिल्टर निर्दोष आहे आणि घड्याळांकडे पुन्हा पाहावे लागेल.

तर्कावर थांबू नका, मोजा. क्रम असा ठेवा की प्रत्येक मोजमाप एकाच दुव्याबद्दल बोलेल. आधी ऑसिलोस्कोपच्या पहिल्या चॅनेलला घड्याळाचा पीपीएस जोडा आणि त्यावर ट्रिगर ठेवा. दुसऱ्या चॅनेलला नेटवर्क कार्डाच्या पीएचसीतून बाहेर काढलेला पीपीएस जोडा; इंटेल आय-२१० सारख्या कार्डांवर यासाठी पिना असतात, मात्र प्रत्येक बोर्डावर त्या बाहेर आणलेल्या नसतात. दोन्ही केबल समान लांबीच्या घ्या, कारण नेहमीच्या कोअॅक्स केबलमध्ये दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद जातात. केबलच्या टोकाला ५० ओहमचे टर्मिनेशन लावा, नाहीतर परावर्तनामुळे कडेला पायरी दिसते आणि स्कोपचा उंबरठा कुठे लागेल याचा भरवसा राहत नाही. पडद्यावरची पर्सिस्टन्स (जुन्या रेषा पुसल्या न जाण्याची सोय) चालू करून तासभर तसेच राहू द्या. दोन कडांमधले सरासरी अंतर म्हणजे पीटीपी दुव्याची खरी चूक आणि दुसऱ्या कडेची पसरलेली जाडी म्हणजे तिचा कंप. हे अंतर तीन-चार मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर पहिला दुवा ८३ च्या आरोपातून सुटला.

दुसऱ्या दुव्यासाठी तोच पीपीएस संगणकाच्या सीरियल पोर्टच्या डीसीडी पिनेवर किंवा जीपीआयओवर (बोर्डावरच्या साध्या डिजिटल पिनेवर) घेऊन कर्नलच्या पीपीएस व्यवस्थेने टिपून घ्या. प्रीएम्प्ट-आरटी कर्नलमध्ये बहुतेक इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाका) थ्रेडमध्ये हाताळले जातात, त्यामुळे ही नोंद नेहमी थोडी उशिराचीच येते, लवकरची कधीच येत नाही. म्हणून सरासरी न पाहता सर्वांत कमी मूल्ये कुठे गोळा होतात ते पाहा. यूएसबी-सीरियल अडॅप्टर या कामासाठी वापरू नका. त्याचा स्वतःचा विलंबच तुमच्या शोधातल्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

तिसऱ्या दुव्यासाठी याच घड्याळाला बांधलेला सिग्नल जनरेटर घ्या, ज्याच्या ५० हर्ट्झच्या साइन लहरीचा शून्यछेद पीपीएसच्या कडेवर पडतो. आधी स्कोपवर हा शून्यछेद खरोखर तिथे पडतो आहे याची खात्री करा आणि मग ती लहर तुमच्या नमुना-कार्डात सोडा. तुमच्या डेटातून निघालेला कोन आणि अपेक्षित कोन यांतल्या फरकातून पहिल्या दोन दुव्यांची मोजलेली चूक वजा केली की जे उरते ते फिल्टर, रूपांतरक आणि तुमचा कोड यांचे. ते स्थिर असेल तर दुरुस्ती एका स्थिरांकाने होते आणि घड्याळाला हात लावावा लागत नाही. मात्र पीटीपीच्या ऑफसेटमध्ये ८३ मायक्रोसेकंद घालून कोन जुळवण्याचा मोह टाळा. कोन जुळेल, पण त्याच संगणकातल्या डिजिटल घटनांच्या वेळा मग तेवढ्याच चुकतील.

तिसरी तक्रार, म्हणजे उड्या. इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. सेटिंग बदललेले नसेल तर पीटीपी४एल आणि पीएचसी२सिस हे दोन्ही प्रोग्रॅम फक्त सुरू होताना, फरक २० मायक्रोसेकंदांहून अधिक असेल तर घड्याळ एकदा उडी मारून लावतात. त्यानंतर ते वेग कमी-जास्त करून फरक मिटवतात, उडी मारत नाहीत. म्हणून दिवसाच्या मध्यात उडी दिसली तर माझा संशय तीन गोष्टींवर जातो: कोणीतरी तो उंबरठा बदललेला आहे, प्रोग्रॅम मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आहे, किंवा आणखी एक प्रोग्रॅम तेच घड्याळ ओढतो आहे. तिसरे कारण इतक्या वेळा सापडते की मी तपासणीची सुरुवात तिथूनच करतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत क्रोनी किंवा सिस्टमडीची टाइमसिंकडी ही सेवा आपोआप चालू असते. तिकडे इंटरनेटवरचा सर्व्हर, इकडे पीएचसी२सिस, आणि दोघेही एकाच सिस्टिम घड्याळाला आपल्याकडे ओढतात. अशा वेळी पीएचसी२सिसच्या लॉगमध्ये वारंवारतेचा आकडा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली जातो. एका घड्याळाला एकच चालक असावा. दुसरी सेवा थांबवून तिला पुन्हा चालू होऊ न देणे एवढाच उपाय आहे. क्रोनी ठेवायचीच असेल तर पीएचसी हाच तिचा स्रोत करा आणि पीएचसी२सिस काढून टाका.

तरीही उड्या उरल्या तर उडीच्या क्षणाच्या आसपासचा पीटीपी४एलचा लॉग वाचा. ओळीतले एस० म्हणजे सर्वो अजून बांधलेला नाही, एस१ म्हणजे आत्ता उडी मारून लावले, एस२ म्हणजे बांधलेला आहे. दिवसाच्या मध्यात एस१ दिसला तर उडी कोणी मारली हे कळलेच. पाठवलेल्या संदेशाचा टाइमस्टॅम्प वेळेत न मिळाल्याची तक्रार आणि पाठोपाठ पोर्ट फॉल्टी अवस्थेत गेल्याची ओळ दिसली तर तुमच्या दोन निरीक्षणांमधला धागा सापडला असे समजा. प्रीएम्प्ट-आरटीमध्ये इंटरप्टच्या थ्रेडची प्राथमिकता सहसा ५० असते. तुमचा कंट्रोल लूप ८० किंवा ९० वर असेल आणि नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट प्रोसेसरच्या त्याच कोअरवर पडत असेल, तर लूप जड झाला की कार्डाचा टाइमस्टॅम्प उचलायलाच कोणी उरत नाही. पीटीपी४एल थकून पोर्ट बंद करतो आणि सेटिंग बदललेले नसेल तर १६ सेकंद थांबतो. लूपची मुदत चुकणे आणि वेळेची उडी एकाच सुमारास दिसते, याचा अर्थ उडीमुळे मुदत चुकते असाच असेल असे नाही. दोन्हींचे मूळ त्या एका कोअरवरच्या गर्दीत असू शकते. लूपला स्वतःचा वेगळा कोअर द्या, नेटवर्कचे इंटरप्ट आणि पीटीपीचे दोन्ही प्रोग्रॅम दुसऱ्या कोअरवर बांधा, आणि टाइमस्टॅम्प थांबण्याची मुदत थोडी वाढवा.

उलट दिशेचे नातेही तपासलेच पाहिजे. तुमचा लूप झोपण्यासाठी कोणते घड्याळ वापरतो? क्लॉक-रिअलटाइमवर, म्हणजे तारीख-वेळ सांगणाऱ्या सिस्टिम घड्याळावर, "अमुक क्षणी जागे कर" अशी विनंती केलेली असेल, तर ते घड्याळ उडले की लूप लवकर किंवा उशिरा जागा होणारच. चक्र चालवण्यासाठी क्लॉक-मोनोटॉनिक हे कर्नलचे सतत पुढेच जाणारे घड्याळ वापरावे. त्याचा वेग सुधारला जातो, पण त्याला उडी कधीच बसत नाही. नमुन्यावर नोंदवायची वेळ वेगळी घ्यावी आणि शक्य असेल तर ती क्लॉक-टीएआय या कर्नलच्या टीएआय घड्याळावरून घ्यावी, म्हणजे लीप सेकंदाचा प्रश्न शेवटच्या रूपांतरापुरता उरतो. एक इशारा मात्र आहे: कर्नलला टीएआयचा फरक कोणी सांगितलेला नसेल तर तो शून्य धरला जातो आणि क्लॉक-टीएआय गुपचूप यूटीसीच देत राहते.

काही कारणे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या वर्णनात त्यांच्या खुणा कमी आहेत. पीएचसी२सिसच्या ओळीत शेवटी पीएचसी वाचायला लागलेला वेळ असतो. तो एरवी एक-दोन हजार नॅनोसेकंद राहून मधूनच अनेक पट वाढत असेल तर प्रोसेसरची खोल विश्रांती-अवस्था, पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत किंवा बायोसचे छुपे इंटरप्ट यांकडे पाहा. शेवटच्या कारणासाठी हार्डवेअर-लेटन्सी शोधणारे साधन कर्नलसोबतच मिळते. इथरनेटची ऊर्जाबचत दोन्ही टोकांना बंद ठेवा. नेटवर्कवर दुसरे एखादे उपकरण ग्रँडमास्टर होऊ पाहत नाही ना, हे ग्रँडमास्टरची ओळख बदलते का यावरून कळेल. घड्याळ पीटीपीत जाहीर करते तो त्याचा दर्जा ६ वरून ७ झाला तर त्याने उपग्रह गमावले आहेत आणि ते स्वतःच्या ऑसिलेटरवर वेळ धरून आहे. असे पावसाळ्यातच होत असेल तर गच्चीवरचा कनेक्टर उघडून पाहा. आपल्याकडच्या पावसात नुसती चिकटपट्टी पुरत नाही. आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळून त्यावर ऊन सोसणारी पट्टी लावावी आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते.

तेव्हा कामाला लागताना आधी दुसऱ्या कोणत्या वेळ-सेवा चालू आहेत ते पाहून त्या बंद करा, मग वीज बंद-चालू करून यूटीसीच्या वैधतेची नोंद घ्या, नंतर कोअरची वाटणी करा आणि सर्वांत शेवटी स्कोप व सिग्नल जनरेटर बाहेर काढा. पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही आणि त्या झाल्याशिवाय चौथीचे आकडे स्थिर मिळणार नाहीत. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, कारण तुमच्या उड्या दिवसातून काही वेळाच येतात. तासाभराच्या शांततेवरून काही ठरवता येणार नाही.

यानंतरही अडले तर पुढच्या वेळी या गोष्टी सोबत द्या: ईथटूल या लिनक्सच्या साधनाने दाखवलेली कार्डाची टाइमस्टॅम्पिंग क्षमता, उडीच्या आधीच्या आणि नंतरच्या पाच मिनिटांचे पीटीपी४एल व पीएचसी२सिस या दोघांचे लॉग, स्विचच्या दोन्ही बाजूंच्या दुव्यांचा वेग, नमुना-कार्डाच्या डेटाशीटमधले फिल्टरचे पान, आणि दीड अंशाचा फरक पुढे आहे की मागे. शेवटची गोष्ट एका शब्दाची आहे, पण दुसऱ्या तक्रारीचा निम्मा निकाल तिच्यावरच लागेल.